विहिरीवरची सायकल

पालघरच्या गटविकास कार्यालयात मी ओव्हरसियर म्हणून लागलो, त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्याकडे एक परदेशी इंजिनियर आला. वय माझ्याएवढंच, पण उंची अशी की आमच्या कार्यालयाच्या दारातून तो वाकून आत यायचा. खेड्यांतल्या लोकांना मदत करायला तो आपणहून, बिनपगारी आला होता. मी डिप्लोमा केलेला, म्हणजे मला इंग्रजी येत असणारच, असा साहेबांचा समज होता. त्यांनी त्याला माझ्या हवाली केलं.

माकुणसारच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा होता. तिथली विहीर फार खोल. दोर ओढून ओढून बायकांच्या तळहातांना घट्टे पडलेले. पाणी वर काढायचं काहीतरी सोपं साधन करायचं, हे त्याचं काम.

मराठी तो स्वतःच्या देशातूनच शिकून आला होता. कोणाला अरे-तुरे करू नये, असं त्याच्या शिक्षकांनी बजावलेलं, आणि ते त्याने फारच मनावर घेतलेलं. पहिल्या दिवशी पायवाटेवर एक म्हैस आडवी उभी होती. तो तिच्यापुढे थांबून म्हणाला, "आपण जरा बाजूला होता का?"

म्हैस हलली नाही. वाक्य चुकलं का, असं त्याने मला विचारलं. वाक्य बरोबर आहे, पण ही म्हैस इकडची आहे, असं सांगून मी तिला हाकललं.

तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिकडचे गोरे इंजिनियर मोटारीतून फिरत. आमचा हा पायी यायचा. त्यामुळे याला तिथून हाकलून दिलंय, असं पाड्यावर ठरून गेलं. एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन, याने नेमकं काय केलं, असं हळूच विचारलं. काहीच केलं नाही, आपणहून आलाय, असं मी सांगितलं. म्हाताऱ्याने समजूतदारपणे मान हलवली आणि सगळ्यांना जाऊन सांगितलं की या ओव्हरसियर सायबाला सांगवतसुद्धा नाही, एवढं वाईट काहीतरी हाय. मग लोकांना त्याची दया येऊ लागली. कोणी अंडी आणून द्यायचं, कोणी ताडगोळे. तो मला म्हणायचा, इतकी प्रेमळ माणसं मी कुठे पाहिली नाहीत.

त्याने बोईसरहून एक जुनी सायकल आणली. तिचं मागचं चाक काढलं आणि ती विहिरीच्या काठावर लाकडी चौकटीत पक्की बसवली. पायडल मारलं की चामड्याच्या चकत्या ओवलेला दोर नळातून वर चढायचा आणि चकत्यांबरोबर पाणी यायचं. घंटी त्याने हौसेने तशीच ठेवली.

पहिल्या दिवशी बायकांना बोलावलं. एकही बसेना. त्यांच्यातली एक म्हातारी, जिचं सगळ्याजणी ऐकायच्या, ती पुढे येऊन म्हणाली, "आमाला भ्या वाटतं. पडलो तर?"

सायकल जागची हलत नाही, हे मी तिला समजावलं. तिने सायकलीकडे बराच वेळ पाहिलं.

"आज नाय हालत," ती म्हणाली. "उद्याचं कोन सांगावं?"

मग धीर द्यायला म्हणून एक पुरुष बसला. त्याच्यानंतर दुसरा. पाड्यावर कोणाकडेच सायकल नव्हती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पुरुषांची रांग. आंघोळ करून, केसांना तेल लावून आलेले. वळण आल्यासारखे ते एका अंगाला झुकायचे. समोर कोणी नसताना घंटी वाजवायचे. एकजण उतरल्यावर रोज सांगायचा, आज केळव्याला जाऊन आलो. ज्याच्याशी त्याचं पटत नव्हतं, तो लगेच पालघरला जाऊन यायचा. बायका भरलेले हंडे नुसते उचलायच्या आणि उरलेला वेळ मोहाच्या सावलीत बसायच्या.

इंजिनियर मात्र कष्टी झाला. यंत्र बायकांसाठी, आणि बायकाच घाबरतात. त्याने सीट खाली घेतली. लाज वाटत असेल म्हणून झावळ्यांचा आडोसा केला. दर खेपेला म्हातारी सगळं नीट पाहायची आणि भ्या अजून हाय म्हणायची.

एकदा पाड्यावरचे सगळे पुरुष लग्नाची बोलणी करायला दुसरीकडे गेले होते. आम्हाला ते माहीत नव्हतं. दुपारी पोचलो तर लांबूनच घंटी ऐकू आली. झावळ्यांच्या आड म्हातारी लुगडं खोचून सायकलीवर बसलेली. भरधाव पायडल मारत होती. हंडे भरून पाणी ओसंडत होतं आणि बाकीच्या हसत हसत आपला नंबर लागायची वाट पाहत होत्या. आम्हाला पाहूनही ती थांबली नाही. दमली तेव्हा उतरली आणि माझ्याजवळ आली.

"त्याला सांग, बाप्यांना बोलू नको," ती म्हणाली. "आमाला येतं हे कळलं तर उद्यापासून पानी आमालाच काढाया लावतील."

मी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो कठड्यावर बसून इतका हसला की तोल जाऊ नये म्हणून मी त्याचा सदरा धरून ठेवला. डोळे पुसून तो म्हातारीसमोर उभा राहिला आणि आपल्या मराठीत म्हणाला, "आपण निश्चिंत असावे. आपणांस सायकल येत नाही."

म्हातारीने मला विचारलं, काय म्हणतो. तुम्हाला सायकल येत नाही म्हणतो, असं मी सांगितलं. तिला भयंकर राग आला. आताच तर चालवली, डोळे फुटले का याचे, असं म्हणत ती पुन्हा चढून बसली आणि त्याच्या नाकासमोर तिने आणखी दोन हंडे भरून दाखवले.

पुढे साहेब पाहणीला आले. त्यांनी बायकांना धैर्य या विषयावर लहानसं भाषण दिलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. त्या लाजल्या असं साहेबांना वाटलं. इंजिनियर त्या वेळी विहिरीत वाकून काहीतरी तपासत होता आणि बराच वेळ त्याने डोकं वर काढलं नाही.

त्याची मुदत संपली, तो गेला. नंतर साखळी तुटली तेव्हा पुरुषांनीच पालघरहून नवी आणून बसवली. पुढच्या उन्हाळ्यात मी शेजारच्या दोन पाड्यांवर तशाच सायकली बसवल्या. तिथेही कोणी पुरुष पुढे होऊन चढेपर्यंत बायका लांब उभ्या राहिल्या. मीही घाई केली नाही.