चार नंबरचं छप्पर

कोणाच्याही घरात शिरल्या की काकू आधी वर बघायच्या, माणसांकडे नंतर. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पुढे केलेला पाण्याचा पेला तसाच राहिला. मान वर करून म्हणाल्या, "स्लॅब आहे. बरं आहे तुमचं, सूनबाई."

घाटकोपरला माझ्या सासऱ्यांची नऊ खोल्यांची बैठी चाळ आहे, पागडीची. सासरे गेल्यावर तिचा कारभार माझ्याकडे आला. मी यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही, तेव्हा चाळीचीही यादी केली. कोणाचा नळ गळतो, कोणाची वायर लोंबते. चार नंबरच्या या काकू दर वेळी एकच काम सांगायच्या.

"छपराचे पत्रे बदल."

"गळतात का?"

"गळत नाहीत गं. ॲस्बेस्टॉसचे आहेत ते. सिमेंट दिसतं, पण आत ते आहे."

गळत नाहीत म्हटल्यावर मी ते काम यादीत सगळ्यात खाली टाकायचे.

चाळीत कोणी ड्रिल काढलं की काकू बादली घेऊन हजर. एकदा तीन नंबरवर डिशची छत्री लावणारा माणूस पत्र्याला भोक पाडत होता. काकूंनी आत जाऊन त्याचा प्लग उपटला आणि शिडीखाली उभं राहून मगभर पाणी वर फेकलं.

"ओ मावशी, शॉक लागला असता ना!"

"प्लग माझ्या हातात आहे. या धुळीचा शॉक वीस वर्षांनी लागतो, तेव्हा कोणाला शिव्या देशील?"

अख्खी चाळ हसली. मीही हसले. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही हसला असता.

काकूंचे यजमान पत्र्यांच्या कारखान्यात होते. आमच्या चाळीवरचे पत्रे सासऱ्यांना त्यांनीच मिळवून दिलेले. "घरी यायचे तेव्हा पापण्या पांढऱ्या," काकूंनी एकदा सांगितलं. "मी चिडवायचे, म्हातारे झालात हो. कपडे मीच झटकायचे, दारात उभी राहून." यजमान खरोखरचे म्हातारे व्हायच्या आधीच खोकून खोकून गेले. मूलबाळ नव्हतं. हे सांगताना काकूंनाही खोकला आला. आवळासुपारी तोंडात टाकून म्हणाल्या, "माझं सोड. पण बाकीच्या खोल्यांत लहान पोरं आहेत."

पुढे एक इंजिनिअर चाळ बघायला आला आणि काकू सांगत होत्या तेच त्याने इंग्रजीत सांगितलं. मग मला पटलं. पत्रा शाबूत असेपर्यंत त्याला डिवचायचं नाही, तुटायला लागला की जाणकार माणसाकडूनच काढून घ्यायचा. आमचे पत्रे कडेने तुटायला लागले होते. मी नवी यादी केली. पत्रे ओले करून न फोडता उतरवणे. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळणे. कामगारांना साधे नव्हे, योग्य मास्क. असा कचरा नेण्याचा परवाना असलेला माणूस. भाडेकरूंची तीन दिवस जवळच्या हॉलमध्ये सोय, जेवणासकट. संमतीची पहिली सही काकूंची घ्यायची म्हणून त्यांना चाळीच्या ऑफिसात बोलावलं.

त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली. "चांगली आहे," म्हणाल्या. "पण मी बाहेर पडणार नाही."

"काकू! इतकी वर्षं तुम्हीच मागे लागला होतात ना?"

"काढ ना. मी आत बसते, तू वरून काढ."

"आत बसून कसं चालेल? धूळ उडेल."

"मग नको काढूस."

"तीनच दिवस हो. लिहून देते."

"सात नंबरवाल्याला तुझ्या सासऱ्यांनी आठ दिवस सांगितले होते. लिहूनही दिलं होतं. तो सामान घेऊन बाहेर पडला, वरचं छप्पर उतरलं आणि खोलीला कुलूप लागलं. कोर्टात चपला झिजवून मेला बिचारा. पत्रा मारेल तेव्हा मारेल गं. खोली गेली तर मी उद्या कुठे जाऊ?"

आम्ही बोलत होतो ते ऑफिस म्हणजेच सात नंबरची खोली.

काकूंनी सवयीने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "त्याची मुलगी नालासोपाऱ्याला भाड्याने राहते. ही खोली तिला दे. मग मी तीन दिवस काय, महिनाभर फुटपाथवर झोपते. चाळीतल्या सगळ्यांना मीच बाहेर काढते."

मी "बघते" म्हटलं. घरी येऊन त्याचीही यादी केली. केस जुनी. वकील नको म्हणतील. एकीला दिली की सगळे मागतील. कारणं पुष्कळ निघाली, एकही खोटं नव्हतं. खोली मी दिली नाही. काकूंनी सही केली नाही, आणि काकूंनी केली नाही म्हणून कोणीच केली नाही.

दीडेक वर्षाने काकू गेल्या. शेवटी चार पावलं चालल्या तरी भिंत धरायच्या. दवाखान्याच्या कागदावर छातीचा जुना विकार एवढंच लिहिलं होतं. वारस नाही, म्हणून खोली आमच्याकडे आली.

महिन्याभरात मी चार नंबरचं छप्पर उतरवलं. काम यादीप्रमाणे झालं. पाणी, प्लास्टिक, मास्क, एकही तुकडा खाली पडला नाही. शेजारच्यांना मी तेवढा वेळ हॉलवर जायला सांगितलं होतं, पण कोणी हललं नाही. त्या दिवशी चाळीतलं कोणी कामावरही गेलं नाही. सगळे आपापल्या उंबऱ्यावर बसून बघत होते.

"बघितलंस?" पाच नंबरची बाई मला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला म्हणाली. "काकू गेल्या, लगेच छप्पर काढलं. छप्पर उतरलं की खोली जाते, त्या सांगत होत्या ते खोटं नव्हतं."

मी मास्क खाली करून समजवायला गेले. तिने पोरांना आत ओढलं, त्या तुटक्या पत्र्याखाली, आणि कडी लावली.

चार नंबरवर आता नवं छप्पर आहे. खाली कोणी राहत नाही.