कोळंबीच्या सहा शिट्ट्या

तुम्ही हसणार आहात हे धरूनच सांगते. हातातला चहा मात्र खाली ठेवा, ठसका लागेल.

आमच्या सायलीचं लग्न अलिबागच्या मुलाशी जमलं. माणसं फार चांगली, पण लग्न अलिबागलाच हवं, असं त्यांच्या बोलण्यात एकदा येऊन गेलेलं. इकडे माझे सासरे चांदवडहून आमच्याकडे नाशिकला राहायला आलेले, आणि त्यांचे गुडघे असे की जिना उतरायचा तर दोघांनी धरायचं. "आजोबा नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही," म्हणून सायली रुसून बसली. मुलाकडचे घरी येणार होते, तेव्हाच हा विषय काढायचा होता. आणि काढणार कोण? मी.

म्हटलं, आधी खाऊ घालून खूश करू. मोबाइलवर सीफूड शूटर्स पाहिले होते. एवढ्याशा काचेच्या पेल्यात खाली गुलाबी सॉस, वर कोळंबी, आणि सगळं एकदम तोंडात टाकायचं. समुद्राकाठच्या माणसांना नाशिकच्या बाईने कोळंबी खिलवायची. काय म्हणावं या हौसेला?

व्हिडिओतली बाई म्हणाली, कोळंबी दोनच मिनिटं शिजवा. मला वाटलं, हिला काही कळत नाही. आमच्याकडे मटण म्हणजे कुकरच्या सहा शिट्ट्या. कच्चं राहिलं तर पाहुणे जन्मभर नावं ठेवतात. कोळंबीलाही सहा दिल्या. झाकण उघडलं तर ती आक्रसून शेंगदाण्याएवढी झालेली. मी आपली दुकानदाराला शिव्या देत बसले. चव घेऊन बघावी, तर माझा गुरुवार.

व्याही, विहीणबाई आणि जावई, तिघांनीही पेले उचलले आणि एकदम तोंडात रिकामे केले. तिघेही चावतायत. व्याही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत चावतायत. जावई तर डोळे मिटून.

सासऱ्यांनी शूटरला हात लावला नव्हता, त्यांना दातच नाहीत. त्यांनी मात्र संधी साधली. "मंग लगीन हितंच करायचं ना? मला लय लांब जाणं नाय व्हत."

बोलणार कोण? तिघांची तोंडं भरलेली. तिन्ही माना हलल्या.

"ठरलं मंग," सासरे म्हणाले. सायली आजोबांच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. आता कोण नाही म्हणणार?

मी घाबरून स्वयंपाकघरात पळाले. मागोमाग विहीणबाई आल्या. तोंडातली कोळंबी कशीबशी गिळून त्यांनी विचारलं, "ताई, शिट्ट्या किती दिल्यात?"

"सहा."

त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, आजोबांचे गुडघे आम्हाला दिसत नाहीत का? लग्न नाशकातच करायचं, हे घरून ठरवूनच निघालो होतो. तेच सांगणार होतो, तर तुम्ही तोंडच बंद केलंत."

मला रडावं की हसावं कळेना. त्या माउलीला मी तिथेच मिठी मारली.

लग्न नाशकात झालं. सासरे पहिल्या रांगेत, नवा फेटा बांधून. विहीणबाईंनी मला आहेरात साडी दिली आणि सोबत एक जड पिशवी. सगळ्या बायकांसमोर मी ती मोठ्या कौतुकाने उघडली. आत कढई.

"कोळंबीसाठी आहे ताई," त्या म्हणाल्या. "हिला शिट्टी नाही."