मागच्या दोन्ही चाकांची ओढ

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमारास मी देगलूर सोडलं. देगलुरात माझं बरं चाललेलं गॅरेज होतं. पण बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळ गेलं, आणि नंतर दोन वर्षं पाऊसच नीट झाला नाही. शेतमाल नाही म्हणून गाड्या उभ्या, गाड्या उभ्या म्हणून मी बसून. लोक म्हणाले, लातुरात कचेऱ्या उघडायल्यात, जिपा यायल्यात, मिस्त्रीला काम लागंल. मी घराला कुलूप घातलं आणि आलो. रेणापूरच्या रस्त्याला पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं, मागं झोपायला एक खोली. नांदेडला ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्या उस्तादांनी त्यांची जुनी लेथ मला देऊन टाकली.

काम मिळालं. पण एखाद्याला "पाना द्या" म्हणावं, एवढंही बोलणं दिवसभरात व्हायचं नाही. पाना माझा मीच घ्यायचो. संध्याकाळी हात धुतले की खोलीत बसायचो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचं काय बिघडलंय ते ओळखायचो.

एका सकाळी एक बाई तीनचाकी घेऊन आल्या. स्वतः चालवत. तेव्हा बाईमाणसाच्या हाती असली गाडी कुणी पाहिली नव्हती, समोरच्या हॉटेलातली माणसं चहा टाकून रस्त्यावर आली. बाई तिशीच्या पुढच्या, अंगावर साधं सुती पातळ, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. डावा पाय पोलिओनं बारीक झालेला. उतरताना त्यांनी एका हातानं हूड धरला आणि दुसऱ्या हातानं तो पाय उचलून खाली ठेवला.

राहायला त्या लातुरात, आणि नदीपलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका होत्या. आधी एका शेतकऱ्याच्या बैलगाडीतून नदी ओलांडायच्या. दुष्काळात चारा संपला, त्यानं बैल बाजारात नेले. तेव्हा बाईंनी मोडीच्या सामानातून कुणीतरी जुळवलेली ही गाडी विकत घेतली. क्लच हातात, गिअर हातात, ब्रेक तेवढा उजव्या पायाला, म्हणजे त्यांना जमण्यासारखी होती. नदी कोरडी पडली होती, पण पात्रात वाळू. गाडी तिथं रुतून बसायची.

"एक चाक नुसतं फिरतंय मिस्त्री, अन् दुसरं जागचं हलत न्हाई," त्या म्हणाल्या.

दोष गाडीचा नव्हता. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं, म्हणून मागच्या आक्सलात अशी सोय असते की दोन्ही चाकं आपापल्या वेगानं फिरावीत. डांबरी रस्त्यावर ती हवीच. वाळूत मात्र ज्या चाकाला पकड नाही तेच सगळी ओढ खातं आणि दुसरं थंड बसतं. मी बाईंना सांगितलं की ती सोयच बंद करतो. आक्सल खोललं, आतल्या गिअरना वेल्डिंग मारलं आणि दोन्ही चाकं एक करून टाकली. वाळूतून गाडी सरळ निघाली. दोन दिवस मी फार खूष होतो.

तिसऱ्या दिवशी शहरातल्या चौकात बाईंनी हँडल वळवलं, पण गाडी नीट वळेना, सरळच जाऊ पाहायची. दोन्ही चाकं एकमेकांशी भांडली आणि आक्सलचा दांडा तुटला. मी पोचलो तेव्हा बाई भर उन्हात गाडीतच बसलेल्या होत्या, भोवती माणसं. खाली उतरून चालावं तर सगळ्यांसमोर चालावं लागलं असतं. मी शरमेनं आक्सलखाली वाकलो. रागावतील असं वाटलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "शाळेला किती दिवस खाडा पडंल?"

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं नांदेडला गेलो. भंगार बाजारात दिवसभर हिंडून एक दुसरं आक्सल शोधलं. उस्तादांकडं गेलो तर ते खाटेला खिळलेले. सगळं ऐकून म्हणाले, "वेल्डिंग मारनेकू अक्कल नहीं लगती. जोडना भी आना, छोडना भी आना."

त्यांच्या बोलण्यातून मला वाट दिसली. लातूरला येऊन मी लेथवर दात असलेली एक कडी कातली, आक्सलवर पुढंमागं सरकणारी. ती सरकवायला सीटच्या उजव्या बाजूला एक दांडी बसवली. दांडी ओढली की दात गुंततात आणि दोन्ही चाकं बरोबर ओढतात. सोडली की गाडी पहिल्यासारखी. पहिली कडी मऊ निघाली, दात झिजले. दुसरी लाल तापवून तेलात विझवली. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मला एकदाही खोलीत जाऊन बसावंसं वाटलं नाही.

गाडी पाहायला बाईंबरोबर मी नदीवर गेलो. वाळूच्या तोंडाशी त्यांनी दांडी ओढली. खट असा आवाज झाला आणि गाडी हळूहळू, न थांबता, पात्र ओलांडून पलीकडच्या चढावर चढली. बाई हसल्या. तोवर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

शाळा म्हणजे एक खोली. निम्मं गाव ऊसतोडीला आणि खडी फोडायला गेलेलं. वर्गात चार मुलं होती, चौघांच्या मांडीवर पाट्या. मी विचारलं की चार मुलांसाठी रोज एवढा आटापिटा कशाला. बाई मुलांकडं बघत म्हणाल्या, "ही चार तरी माझी वाट बघतात. लातुरात माझी कोण वाट बघतंय?"

त्यानंतर दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की बाई ग्रीस भरायला यायच्या. ग्रीस दर आठवड्याला लागत नाही, हे मी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. मी एक लाकडी खुर्ची आणली. शनिवारी सकाळपासून ती पुसून शेडच्या सावलीत ठेवायचो. बोलणं फार नसे. मुलं काय म्हणाली, विहिरीचं पाणी कुठवर गेलं, असंच काहीतरी. गेल्यावर खुर्ची मी बराच वेळ आत घेत नसे.

मृगाच्या आधी एका शनिवारी त्या उठता उठता थांबल्या. म्हणाल्या, "आमच्या शाळेच्या गावात मिस्त्री न्हाई. पिठाची गिरणी दोन म्हैने बंद हाय. शाळेशेजारी एक खोली रिकामी हाय. तुम्ही आलात तर बरं हुईल."

"बघू," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली. तो गिरणीचा निरोप नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण त्यांचं घर लिंगायत व्यापाऱ्याचं, मी दुसऱ्या जातीचा, त्यात बायको गेलेला. लोक बाईंना काय म्हणतील असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे पुन्हा एखादं माणूस आपलं म्हणायचं आणि ते जायचं, याची मला धास्ती होती.

त्या वर्षी पाऊस झाला. नदीला पाणी आलं, वाळू पाण्याखाली गेली आणि माझ्या आक्सलचा काही उपयोग राहिला नाही. बाई पलीकडंच खोली घेऊन राहिल्या असं कळलं. किती शनिवार गेले. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं तेव्हा मी धुतलेला सदरा घातला आणि निघालो.

शाळेत एक नवे गुरुजी होते. पाऊसपाणी झालं म्हणून माणसं गावातच राहिलेली, वर्ग मुलांनी भरलेला, ओळीनं पाढे चालले होते. गुरुजींनी मला आदरानं बसवलं, चहा मागवला. बाईंची बदली उदगीरकडं झाली होती, दिवाळीच्या सुट्टीत. गाडी? ती त्या स्वतःच चालवत पलीकडच्या रस्त्यानं घेऊन गेल्या म्हणे, गाव पोचवायला वेशीपर्यंत आलं होतं. माझ्यासाठी काही निरोप आहे का, हे मी विचारलं नाही. चहा संपवला आणि उठलो.

परत येताना नदीत गुडघ्याएवढं पाणी होतं, खालचे दगड शेवाळलेले. मधोमध मी डगमगलो. डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन एक म्हातारा शेतकरी पुढं चालला होता. मागं न बघताच त्यानं हात मागं केला आणि म्हणाला, "धरा की." मी धरला. त्याचा हात खरबरीत आणि गरम होता. काठ आला तसा त्यानं तो सोडला आणि आपल्या वाटेनं गेला. उस्तादांचं जोडना-छोडना आठवत मी मात्र बराच वेळ काठावरच उभा राहिलो.