वहिनी टँकर मागते

माझी वहिनी पाणीपुरवठा खात्यात ड्रायव्हर आहे. हे सांगितलं की लोक आधी "अरे वा!" म्हणतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "पण चालवतात काय?" जणू शिलाई मशीनच चालवत असणार. शिलाई मशीन आमच्याकडे दादा चालवतो. तो टेलर आहे, आणि सायकलशिवाय त्याला दुसरं काही चालवता येत नाही.

वहिनीचे वडील ट्रकवर होते. त्यांनी लेकीला हौसेने शिकवलं, त्यामुळे ती खात्यात लागली तेव्हा अवजड वाहनाचं लायसन्स तिच्या पर्समध्ये तयार होतं. खात्याने तिला दिली टपालाची व्हॅन. मुख्य कार्यालयातून फायली उचलायच्या, पाच उपकार्यालयांत टाकायच्या, संध्याकाळी परत. पाण्याचे टँकर शेडमध्ये ओळीने उभे असायचे आणि ही त्यांच्या कडेकडेने व्हॅन बाहेर काढायची. अशी अकरा वर्षं.

टँकर तिने मागितला नाही असं नाही. दरवर्षी मागायची. शेडचे प्रमुख, ज्यांना सगळे शेडसाहेब म्हणतात, स्वभावाने अगदी गोड माणूस. ते म्हणायचे, "तुम्ही मला बहिणीसारख्या. कशाला त्या धुडाच्या मागे लागता? आम्ही मेलोय का?" आता समोरचा माणूस मेलेला नाही हे धडधडीत दिसत असताना भांडायचं तरी कसं? वहिनी हसायची आणि व्हॅनची किल्ली घ्यायची.

मग एका सोमवारी सूचनाफलकावर वरिष्ठ चालकांची यादी लागली. अट एकच होती: अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव. यादीत पहिलं नाव होतं वहिनीनंतर चार वर्षांनी नोकरीला लागलेल्या एका गृहस्थाचं. वहिनीचं नाव नव्हतंच. महिनाभर तिने ते गिळलं.

महिन्यानंतर काय झालं, तर ते यादीतले गृहस्थ तिच्याकडे आले. नवीन पंपघराचं फाटक अरुंद आहे, टँकर मागे घेताना अडकतो, जरा दाखवता का, म्हणाले. वहिनीने खाली उभं राहून हात करून करून तो टँकर आत घेऊन दिला. आणि तिथून तडक माझ्या घरी आली.

"ताई, पेन काढा," ती दारातूनच म्हणाली. "टँकर त्याचा, अनुभव त्याचा, बढती त्याची. आणि रिव्हर्स माझा!"

मी शाळेत भाषा शिकवते, त्यामुळे घरातले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात पडतात. मी विचारलं, "विनंती लिहू?"

"तक्रार लिहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खात्याच्या समान संधी कक्षात गेलो. मोठं नाव, छोटी खोली: दोन कपाटं, एक टेबल आणि टेबलामागे तक्रार अधिकारी बाई. बाईंनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "यादी कधी लागली?"

वहिनीने तारीख सांगितली. बाईंनी कॅलेंडरवर बोट फिरवलं. "घटनेपासून पंचेचाळीस दिवसांत तक्रार यावी लागते. छत्तीस झाले."

"आणि माझी अकरा वर्षं?"

"ती पार्श्वभूमीत लिहा. तक्रार यादीबद्दल करा. आणि पुरावा जोडा. नुसतं 'देत नाहीत' म्हणून चालणार नाही."

उरले नऊ दिवस. फॉर्म चार पानी. कारणांची यादी होती, वय, लिंग, अपंगत्व वगैरे, त्यातल्या एका चौकोनात खूण करायची. ते सोपं होतं. पुढे रकाना आला: संबंधित अधिकाऱ्याची वागणूक कशी होती?

"गोड," वहिनी म्हणाली.

"अगं, तक्रारीत गोड कसं लिहू?"

"मग काय, खोटं लिहिणार?"

आम्ही 'गोड' लिहिलं. शेवटी तेच सगळ्यात उपयोगी पडलं, त्यामुळे बाकीचंही खरं वाटलं, असं बाई नंतर म्हणाल्या.

पुराव्याचा प्रश्न माझ्या भाचीने सोडवला, तोही नकळत. शेडमध्ये दर आठवड्याला ड्यूटीचा तक्ता लागतो. आठवडा संपला की तो टाकून देतात. मागची बाजू कोरी असते म्हणून वहिनी तो घरी आणायची आणि भाची त्यावर गणितं करायची. पहिलीपासूनचे सगळे कागद माळ्यावर गठ्ठ्यांत पडले होते, कारण ही मुलगी काहीही फेकू देत नाही. आम्ही चारशे बारा तक्ते काढले. एका बाजूला कोणत्या ड्रायव्हरकडे कोणती गाडी, दुसऱ्या बाजूला बेरजा, त्रैराशिकं आणि एका शिक्षिकेचं फारसं आदरयुक्त नसलेलं चित्र. वहिनीच्या नावापुढे चारशे बारा वेळा व्हॅन. दादाने कोटाची जाड सुई काढली आणि वर्षावार गठ्ठे शिवून दिले.

आठव्या दिवशी आवक विभागात गेलो, तर कारकून म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत, उद्या या."

"उद्या शेवटचा दिवस आहे. मला आजची तारीख हवी," असं म्हणून वहिनी बाकावर बसली. चार वाजता शिक्का घेऊनच उठली.

शेडमध्ये बातमी आमच्याआधी पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या ट्रेमध्ये वहिनीचा कप नव्हता. व्हॅनचा वायपर मोडला तो दुरुस्तीच्या यादीत तळाला गेला. पण कप आणि वायपर परवडले, शेडसाहेबांचा चेहरा बघवत नव्हता.

"मी तुम्हाला बहीण मानलं," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला कागदावर घेतलंत?"

"साहेब, तुमच्या सख्ख्या बहिणीला तरी टँकर दिला असतात का?"

शेडसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले.

त्या दिवशी वहिनी घरी आली ती रडकुंडीला येऊन. "मागे घेते सगळं. रोज कुणी बोलत नाही अशा जागी आठ तास कसे काढायचे?"

दादा काज करत होता. मान वर न करता म्हणाला, "घे मागे. पण ते गठ्ठे मी उसवून देणार नाही. दुहेरी टाका घातलाय." वहिनीला आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि तक्रार राहिली ती राहिलीच.

दीड महिन्याने सुनावणी झाली. सोबत एक माणूस आणता येतो, म्हणून मी गेले. शेडसाहेब तयारीने आले होते. टँकरची सीट पुरुषांच्या उंचीची असते, बायकांचे पाय ब्रेकपर्यंत पोचणार नाहीत, केवळ काळजीपोटी आपण टँकर दिला नाही, असं त्यांनी वाचून दाखवलं.

वहिनीने साक्षीला गिअरकाकांना बोलावलं होतं. काका शेडमधले सगळ्यात जुने टँकरचालक. साक्षीला यायला आधी तयार नव्हते. "निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, मला कशाला ओढतेस?" म्हणाले होते. तरी आले, धुतलेला गणवेश घालून.

"काका, उभे राहून सांगा," अधिकारी बाई म्हणाल्या.

"उभाच आहे," काका म्हणाले.

काका वहिनीपेक्षा चार बोटं कमी भरतात. सगळ्यात आधी शेडसाहेबच हसले.

"सीटखाली दांडा असतो," काकांनी शांतपणे सांगितलं. "ओढला की सीट पुढे येते. तीस वर्षं ओढतोय."

निकाल तीन महिन्यांनी आला. सगळं मिळालं नाही. लागलेली यादी रद्द झाली नाही. पण ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्या सगळ्यांना टँकर पाळीने द्यायचा, आणि पुढच्या यादीसाठी वहिनीला अनुभवाच्या अटीऐवजी चालवण्याची परीक्षा, असा हुकूम झाला. "अर्धंच दिलं," वहिनी कुरकुरली, पण तो कागद तिने मला तीनदा वाचायला लावला.

पहिल्याच दिवशी तिने टँकर फाटकाच्या खांबाला घासला. सगळी शेड बाहेर येऊन बघत होती. ती खाली उतरली, ओरखडा बघितला आणि लॉगबुकात स्वतःच्या हाताने लिहिला. "त्या खांबावर आम्हा सगळ्यांचा रंग आहे," गिअरकाका मोठ्याने म्हणाले. शेडसाहेबांनी लॉगबुकावर सही केली आणि चहा मागवला. ट्रेमध्ये कप पुरेसे होते.

पुढच्या वर्षी ती परीक्षा पास झाली, वरिष्ठ चालक झाली. आता एक खरी गोष्ट सांगते, जी फक्त दादाला आणि मला माहीत आहे. टँकरचा क्लच दगडासारखा आहे, तिचा गुडघा दुखतो, आणि तिच्या फेरीच्या रस्त्यावर बोलायला चिटपाखरू नसतं. व्हॅनवर निदान पाच ऑफिसांतल्या गप्पा तरी कळायच्या.

मी एकदा म्हटलं, "मग व्हॅन परत माग की."

"वेडी झालेय का मी?" असं म्हणत वहिनीने गुडघ्याला मलम चोळलं, आणि भाचीला हाक मारून सकाळी साडेपाचचा गजर लावायला सांगितला.