गंगासागरआत्या आणि आफ्रिकेचा चित्ता

बाईमाणसानं बैलगाडी हाकायची नाही, हा कायदा काही निजामानं केलेला नव्हता. तो आमच्या घाटनांदूरच्या रिकामटेकड्या बाप्यांनी केला होता. माझ्या वडिलांची आत्या गंगासागर हिनं तो मोडला. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, बैल विकून टाक. ती म्हणाली, "कावून इकू? नवरा मेलाय, बैल न्हाईत मेले." आणि कासरा हातात घेऊन परळीच्या व्यापाऱ्यांचा माल वाहू लागली.

परळीच्या वाटेवर मोठा माळ होता, तिथं काळविटांचा कळप चरायचा. पायी माणूस दिसला की पसार व्हायचा. बैलगाडी मात्र अगदी शेजारून गेली तरी माना वर करून बघायचा आणि पुन्हा चरू लागायचा, कारण गाडीनं त्यांचं कधी काही वाकडं केलं नव्हतं. आत्या जाता-येता त्यांच्याशी बोलायची. तिला टोमणे न मारणारं तेवढंच एक बिऱ्हाड होतं.

त्या साली ज्वारी निघाल्यावर एका जहागीरदारानं माळाच्या कडेला डेरे ठोकले. खेचरांवरून तंबू आले, गालिचे आले, आचारी आले. हैदराबादेहून मेहमान बोलावले होते आणि त्यांना दाखवायला आफ्रिकेतून बोटीनं आणलेला चित्ता होता. इकडचे चित्ते मारून संपवले, आता समुद्रापलीकडून मागवायचे! हुकूम सुटला, एक गाडी आणि वाट दाखवणारा द्या. सुंदरराव पाटलांनी आत्याचं नाव दिलं, काळविटं तिच्या गाडीला सरावलेली म्हणून. वेठच ती, नाही म्हणायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर आत्यालाही ते आफ्रिकेचं जनावर बघायचंच होतं.

रविवारी सकाळी चित्ता तिच्या गाडीत बसला. डोळ्यांवर कातड्याची टोपी, कमरेला दोरी. "लई देखणा हाय गं बाई," ती पुटपुटली, "पर तुला बी वेठीलाच धरलंय की." मेहमानांना हरणं बघायचीत, एवढंच तिला सांगितलं होतं. तिनं रोजच्यासारखी गाडी जवळ नेली. कळपानं तिचे पांढरे बैल ओळखले आणि मान खाली घातली. तेवढ्यात चित्तेवानानं टोपी काढली, दोरी सोडली. कळपातला थोरला काळा नर वळायच्या आत पडला. मेहमानांनी टाळ्या पिटल्या.

आत्या संतापून घरी आली. शेजारचा दुकानदार भीमाशंकर ओट्यावर बसला होता, तिच्या गाडी हाकण्याला सगळ्यांत जास्त हसणारा. त्यालाच तिनं ऐकवलं, "माज्या गाडीवर भरवसा ठिवून हुबे ऱ्हायले ते. माज्या!" भीमाशंकर त्या दिवशी हसला नाही.

दुसऱ्या सकाळी जहागीरदाराचा कारभारी दारात.

"गाडी जुंप."

"आज सोमवार हाय. नंदीचा वार. सोमवारी आमी बैलाच्या खांद्यावर जू ठिवत न्हाई."

"सरकारला वार नसतो!"

"सरकारला नसंल. बैलाला हाय."

कारभाऱ्यानं तिला चावडीसमोर उन्हात उभं केलं आणि तिची गाडी ओढून नेली. आता बैल हवे होते. पण सोमवारी आत्याच्या बैलांसकट सगळ्या गावाचे बैल डोंगराकडं चरायला जात. कारभारी भीमाशंकरवर ओरडला, "तुझे आण बे!" एरवी घाई असली की हाच गृहस्थ सोमवारी गुपचूप गाडी जुंपायचा. त्यानं उन्हातल्या आत्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "सोमवार हाय, साहेब." मग बाकीच्यांनाही सोमवार आठवला. एक बाई वार पाळते आणि आपण मिशा बाळगून मोडायचा, ही लाज कुणाला झेपणार? डोंगराकडं कुणी पाऊल टाकलं नाही.

शेवटी जहागीरदाराच्या त्या शहाण्यांनी आत्याच्या गाडीला दोरखंडानं आपलेच घोडे बांधले. घोड्यांनी कधी जू पाहिलेलं नव्हतं. ते उधळत, खिंकाळत माळावर शिरले आणि कळप लांबूनच उडाला. चित्ता सोडला, तो जीव खाऊन धावला, दमला आणि धापा टाकत बसून राहिला.

मंगळवारी आत्याला गाडी जुंपावीच लागली. पण आता कळपाला गाडी म्हणजे काय ते कळलं होतं. तिचे पांढरे बैल दिसताच सगळी काळविटं क्षितिजापार. जहागीरदारानं शिव्या घालत डेरे उचलले.

गावानं आत्याला डोक्यावर घेतलं. तिच्या मनात मात्र वेगळंच होतं. परळीला जाताना तिनं माळावर गाडी हळू केली, नेहमीसारखी हाक मारली. कळप पळाला. तिच्या हाकेला पळाला. ती तिथंच गाडी थांबवून रडली. इतक्या वर्षांची सोबत गेली होती.

परळीहून येताना तिनं बाजारातली सगळ्यांत मोठी घाट, म्हणजे घंटा, आणली, देवळातल्यासारखी, आणि गाडीच्या दांडीला बांधली. भीमाशंकर म्हणाला, "आत्याबाई, येड लागलं का? ही वाजली तर एक हरीण जवळ येणार न्हाई."

"मंग? तेच तर पायजे मला."

ती म्हातारी होऊन गाडी सुटेपर्यंत ती घाट वाजत राहिली. माळ जवळ आला की आत्या गाडीत उभी राहायची आणि ओरडायची, "पळा! माजी गाडी आली तरी पळा!" डोळे पुसायची आणि बैलांना पुढं हाकायची.