काकूंचा कॉम्प्युटर

वाचनालयात एके काळी कुजबुज होती, की चौकशीच्या खिडकीतल्या काकूंचं कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी आहे. पुरावा? कुणी जवळ गेलं की काकू लाजून स्क्रीन भिंतीकडे वळवायच्या. घरी जाताना कॉम्प्युटर चालूच, वर चिठ्ठी: 'कृपया हात लावू नये.' आणि वय पंचावन्न. वर्तमानपत्रांच्या टेबलावरच्या आम्हा रिकामटेकड्यांनी याला तिखटमीठ लावलं नसतं, तर जिभेला गंज चढला असता.

काकूंची पद्धत वेगळीच. कुणी काही विचारलं की शोध सुरू. तो माणूस परत येऊन उत्तर घेऊन जाईपर्यंत टॅब मिटायचा नाही. घड्याळजीला जुन्या चाकाचं चित्र हवं होतं. एका आजींना, पोपट अचानक मुका का होतो ते. आजी फिरकल्याच नाहीत. टॅब राहिला.

होता होता कॉम्प्युटर गोगलगाईला लाजवू लागला. रांग दारापर्यंत. ग्रंथपालसाहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत सुधारलं नाही, तर ही खिडकी बंद. तुम्ही मागे बांधणीला." बांधणी म्हणजे दिवसभर खळ आणि पुठ्ठे, बोलायला कुणी नाही. काकूंना तर बोलल्याशिवाय चहासुद्धा पचायचा नाही.

दुरुस्तीवाल्या ताई आल्या, स्क्रीन वळवून मोजत बसल्या.

"काकू, एकशे बारा टॅब?"

"व्हायरस असेल हो."

"व्हायरस कसला, तुमचाच गोतावळा आहे. ब्राउझरमध्ये एकत्र कुटुंब नसतं. जवळजवळ प्रत्येक टॅबची चूल वेगळी, म्हणजे एक पेटला तर शेजारचा जळू नये. शिवाय तुम्ही कधीही डोकवाल म्हणून चित्रं, जाहिराती, सगळा संसार मेमरीत मांडून बसलेत. बुकमार्क करा आणि मिटा."

"बुकमार्क केलं की मी विसरते. उघडं असलं की सलत राहतं." काकू खाली बघून म्हणाल्या, "विश्वासानं विचारून गेलेलं माणूस. त्याच्या तोंडावर दार कसं लावू?"

ताई म्हणाल्या, "मग आधी निरोप द्या, मग लावा. चौकशीच्या वहीत फोन नंबर असतील ना?"

तीन दिवस काकू फोनला चिकटून होत्या. सापडलेलं सांगायचं, टॅब मिटायचा. नाही सापडलं तर, "नाही हो मिळालं, माफ करा," आणि तोही मिटायचा. आजींच्या घरी सुनेनं फोन उचलला. म्हणाली, पोपट आता बोलतो, पण ऐकायला आजी नाहीत. तो एक टॅब मिटायला काकूंना अर्धा तास लागला.

सोमवारी साहेबांनी स्वतः एक शब्द टाइप केला. पान लगेच उघडलं. साहेब आपल्या खोलीत गेले, खिडकी राहिली.

तर काकूंचं कॉम्प्युटरमध्ये कुणी नव्हतं. पसाऱ्याची लाज वाटायची म्हणून त्या स्क्रीन वळवायच्या. एकशे बारा टॅब उघडे होते आणि ते मेमरी खात होते.