कार्ल्सरूहेत नानांच्या खुन्याचा शोध

"अगं मेधा, हा घड्याळजी! हाच खुनी!" पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत आलेले माझे सासरे, नाना, माझ्या मोबाइलवरच्या फोटोवर बोट ठेवून ओरडले आणि आमची कार्ल्सरूहेची सहल ठरली.

फोटो तिथल्या एका फिल्म क्लबच्या पानावरचा होता. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा, स्वस्तात काढलेला ब्रिटिश खूनपट. जगातून हरवला होता, तो कुणाच्या तरी तळघरात सापडला. पण शेवटचं रीळ नाही, त्यामुळे खुनी कोण ते कुणालाच ठाऊक नाही. नानांनी मात्र लहानपणी खडकीच्या लष्करी थिएटरात वडिलांच्या मांडीवर बसून तो पाहिलेला. मी क्लबला मेल टाकली. उत्तर आलं, आजोबांना घेऊन याच, शेवट त्यांच्याकडून ऐकू.

नाना आठवडाभर हवेत होते. वडील लवकर गेले, त्यांचा एक फोटोसुद्धा नाही. त्यांची म्हणावी अशी ही एकच आठवण.

शनिवारी र्युसेल्सहाइमहून ट्रेनने निघालो. कारने लवकर पोचता येतं, पण वीकेंडचं ग्रुप तिकीट स्वस्त पडतं. मानहाइमला गाडी बदलताना दशम्या आणि चटणी संपवली. पुढे स्टेशनवरून ट्राम. थिएटर चिमुकलं, तिकीट कॉफी-केकच्या भावात. रोख पैसे न्या, कार्ड चालत नाही. स्वेटरही न्या.

सिनेमा मात्र झकास! बनवणाऱ्यांचा खिसा रिकामा होता हे जागोजागी दिसतं. एकच दार आधी बँकेचं, मग पोलीस चौकीचं. माइक बहुतेक फुलदाणीत लपवलेला, कारण सगळे तिच्याभोवतीच उभे राहून भांडतात. तरी धाकधूक क्षणभर सुटत नाही. मी तर या मंडळींच्या प्रेमातच पडले.

आणि मध्यावर घड्याळजीचाच खून झाला. नानांचा चेहरा एवढासा झाला.

दिवे लागल्यावर क्लबचे म्हातारे प्रमुख वळले. "आल्झो, तर मग, शेवट काय होता?"

नाना उभे राहिले. मी भाषांतर करत होते. "माझ्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. पडद्याकडे बघत ते माझ्या कानात गोष्ट सांगायचे. म्हणजे मनानेच रचली असणार." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "घड्याळजी दिसला की ते कानात टिक टिक करायचे. म्हणायचे, मेलेल्याच्या घड्याळाला चावी कोण देतं रे?"

प्रमुखांनी भुवया उंचावल्या. मागे वळून शवागाराचं रीळ पुन्हा लावायला सांगितलं. खून होऊन बरेच दिवस झालेले, घड्याळजीच्या प्रेतावर चादर, दोन पोलीस अखंड बोलताहेत. आणि त्यांच्या बोलण्याखाली, हळू, पण स्पष्ट: टिक, टिक, टिक.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" प्रमुख ओरडले. "म्हणजे घड्याळजी मेलेलाच नाही, तोच खुनी! आम्ही फक्त संवाद ऐकत बसलो!"

सगळं थिएटर टाळ्या वाजवू लागलं. नाना रडत होते आणि मीही.

खरा शेवट हाच होता का, ते रीळ सापडल्याशिवाय सांगता येणार नाही. ते सापडलं नाही तरी आमचं काही अडणार नाही.

घरी आल्यावर इराने, माझ्या लेकीने, जर्मनमध्ये विचारलं, पणजोबांचा आवाज कसा होता? मी ते नानांना मराठीत सांगितलं. नानांनी तिला मांडीवर घेतलं, कानाशी वाकले आणि टिक टिक करू लागले.